तिघांत एक मास्क

एक्क्याण्णवच्या जानेवारीत आखातातली लढाई सुरू झाली तेव्हा मी बहरीनमध्ये, जुफैरच्या नौदल तळावर एसी मेकॅनिक होतो. तळ परक्या देशाचा, ठेका तिसऱ्याच कंपनीकडे, आणि त्या कंपनीने पोटठेक्यावर घेतलेला मी नागपूरकडचा माणूस. ही लढाई नेमकी माझ्या कोणत्या साहेबाची, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. काहीही झालं तरी कॉम्प्युटरच्या खोल्या थंड राहिल्या पाहिजेत, एवढं मात्र सगळ्यांनी बजावलं होतं.

त्याआधी आठवडाभर आम्हा ठेक्यावरच्या माणसांना रांगेत उभं करून विषारी वायूचे मास्क वाटले. रबरी तोंड, दोन गोल काचा, डब्यासारखा फिल्टर आणि ठेवायला हिरवी पिशवी. घेताना तीन कागदांवर सह्या. एका कागदावर लिहिलं होतं की मास्क फक्त सही करणाऱ्याने वापरायचा. मी वाटणाऱ्या क्लार्कला म्हटलं, घरी बायको आहे, चार वर्षांची मुलगी आहे, त्यांचं काय? माणूस भला होता. त्याने यादी दोनदा वरपासून खालपर्यंत पाहिली आणि हळहळून म्हणाला, "पण त्या दोघी एसी दुरुस्त करत नाहीत ना."

आम्ही मुहर्रक बेटावर अरादला राहत होतो. रोज सकाळी एक व्हॅन आम्हा सात जणांना घेऊन मनामावरून जुफैरला जायची. मास्क नसेल तर गेटवरूनच परत पाठवायचे, म्हणून सगळ्यांच्या मांडीवर एक जेवणाचा डबा आणि एक हिरवी पिशवी. व्हॅन भाड्याची होती, त्यामुळे तिच्या मल्याळी ड्रायव्हरला मास्क नव्हता. त्याने पहिल्याच दिवशी आम्हाला परिस्थिती समजावून सांगितली. "गॅस आएगा तो तुम सात लोग मास्क लगाएगा. मैं खलास. फिर गाडी समुंदर में जाएगा, तुम भी खलास." मुहर्रक ते मनामा रस्त्याला दोन्ही बाजूंनी समुद्रच होता, तेव्हा त्याचं म्हणणं खोडून काढता येईना. आम्ही ते सुपरवायझरच्या कानावर घातलं. त्याने गंभीरपणे लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी व्हॅनमध्ये सीटबेल्ट लावण्याची सूचना चिकटवलेली होती.

हा सुपरवायझर पूर्वी सैन्यात होता आणि त्याच्याकडे स्टॉपवॉच होतं. दिवसातून केव्हाही, आम्ही शिडीवर असू किंवा जेवत असू, तो "गॅस! गॅस! गॅस!" असं ओरडायचा. श्वास रोखायचा, डोळे मिटायचे, पिशवी उघडायची, हनुवटी आत घालायची, पट्टे डोक्यामागे ओढायचे. सगळं नऊ सेकंदांत. पहिल्या वेळी मला चाळीस सेकंद लागले. त्याने घड्याळ दाखवून मला शांतपणे सांगितलं, "तू एकतीस सेकंदांपूर्वी मेलास. जा, काम कर." पहिल्या आठवड्यात मी अकरा वेळा मेलो. शिडीवरून उतरताना मेलो, चहा पिताना मेलो, एकदा तर संडासात मेलो. मग चिडून मी सराव मनावर घेतला आणि आठ सेकंदांवर आलो. सुपरवायझर नव्या माणसांना माझं उदाहरण देऊ लागला. नोकरीत माझं एवढं कौतुक त्याआधी कधी झालं नव्हतं, आणि खोटं कशाला बोला, मला ते आवडत होतं.

इकडे अरादमध्येही माझा भाव वाढला होता. वायू आत येऊ नये म्हणून एक खोली प्लास्टिक आणि चिकटपट्टीने बंद करा, असं सगळीकडे सांगत होते. विंडो एसी म्हणजे भिंतीतलं मोठं भोकच. मग बिल्डिंगमधला जो तो मला बोलवायचा. ज्या एसींना वारा द्यायला मी वर्षभर झटलो, तेच मी घरोघरी जाऊन कोंडून आलो. शेजारी वसईच्या एक आंटी राहायच्या, हॉस्पिटलच्या ऑफिसात काम करायच्या. त्यांची खोली मी अशी बंद केली की मुंगी शिरली नसती. त्यांनी चारी बाजूंनी पाहणी केली, शाबासकी दिली आणि म्हणाल्या, "छान केलंस रे बाबा. पण आता मी श्वास कुठून घ्यायचा?" यावर आमच्या ट्रेनिंगमध्ये काहीच सांगितलं नव्हतं.

आमच्याही घरात अशी एक खोली होती. पलंगाजवळ खिळा, खिळ्याला हिरवी पिशवी. माणसं तीन, मास्क एक. भोंगा वाजला तर तो कोणी लावायचा, यावर आम्ही नवराबायको तीन आठवडे भांडलो.

"पोरीले लावू," मी म्हणायचो. लावून पाहिला. तिच्या गालाशी दोन बोटं जातील एवढी फट राहायची, आणि वर ती आत गुदमरून किंचाळायची. म्हणजे ते बाद.

"मग तू लाव. पोरीले आई लागते."

"मी काहून लावू? सही तुमी केली," बायको म्हणायची. "आन् आमी दोघी तुमच्या व्हिसावर आहो. तुमी मेले तं आमचा व्हिसा खलास."

"अवं, वायू आल्यावर व्हिसा कोण पाहते?"

"इथं व्हिसा कवाही पाहतात."

भोंगा वाजायचा, आम्ही ओले टॉवेल घेऊन त्या खोलीत शिरायचो, मुलीला मधे घ्यायचो आणि तोंडाने हाच वाद पुढे चालू ठेवायचो. वाद संपायच्या आत धोका टळल्याचा भोंगा व्हायचा. पिशवी खिळ्यावरच असायची.

शेवटी एका गुरुवारी मी जिंकलो. ती म्हणाली, ठीक आहे, मी लावते, पण भांडण बंद करा. मला खरंच हलकं वाटलं. मी तिला शिकवायला घेतलं. मुलगी इंग्रजी नर्सरीत जायची, तिला आकडे मोजायला लावले. "वन, टू, थ्री..." तिला वीसपर्यंतच येत होतं, ते तीनदा मोजून झालं तरी बायकोचे पट्टे केसांतच अडकलेले. मी सवयीने बोलून गेलो, "तू मेली." मुलीने टाळ्या पिटल्या, "मम्मी इज डेड!" आम्ही तिघं पोट धरून हसलो. उद्या सुट्टी आहे, उद्या पुन्हा सराव करू, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी जेवायला बसताना भोंगा वाजला. आम्ही खोलीत धावलो, मी दार लावून खालच्या फटीत कापड कोंबलं आणि वळलो. तेवढ्यात लांब कुठेतरी धाडकन आवाज झाला आणि खिडकीचं प्लास्टिक फुगलं.

त्यानंतरचं मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी डोळे उघडले तेव्हा समोर दोन गोल काचा होत्या. पट्टे नीट बसले होते. माझ्या हातांनी ते सगळं मला न विचारता केलं होतं. काचेतून मला बायको दिसली. एका हाताने तिने मुलीला छातीशी धरलं होतं आणि दुसरा हात रिकाम्या खिळ्यापर्यंत गेलेला होता. तिने माझ्याकडे पाहिलं. मग तो हात मागे घेतला आणि त्याच हाताने ओला टॉवेल मुलीच्या तोंडावर ओढला.

मी मास्क काढायला लागलो, तर तिने मान हलवली. "राहू द्या," म्हणाली. आणि मी राहू दिला. तिने सांगितलं म्हणून राहू दिला, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो आहे. टॉवेलाखालून मुलीचा आवाज आला, "एट! बाबा फर्स्ट!"

वायू आला नाही. तो त्या लढाईत बहरीनला कधीच आला नाही. धोका टळल्याचा भोंगा झाला, तरी मी तसाच बसून होतो, कारण आतून काचा धुरकटल्या होत्या आणि मला चेहरा दाखवायची लाज वाटत होती. बायकोने दाराच्या फटीतलं कापड काढलं आणि वरण पुन्हा गरम करायला ठेवलं.

आता नागपुरात पाहुणे आले की बहरीनचा विषय निघतोच. मी ड्रायव्हरचं सांगतो, आंटींचं सांगतो, संडासात मेलो ते सांगतो. "मम्मी इज डेड" म्हटलं की लोक हसून हसून बेजार होतात, आणि मी तिथेच थांबतो. बायको शेजारीच बसलेली असते. पुढचं तिलाही माहीत आहे. आजवर तिने एकदाही ते सांगितलेलं नाही. सगळे हसत असतात तेव्हा ती उठते आणि चहा ठेवते.