प्रेशरचा सौदा

दवाखान्यातल्या सिस्टरनं वरचं प्रेशर एकशे सत्तर सांगितलं, तेव्हा मी सवयीनं म्हणालो, "एकशे चाळीस लावा. आत्ताच कंडक्टरशी भांडून आलोय."

"काका, हा बैलबाजार नाही. शांत बसा, परत बघते."

परतही तेच आलं.

बैलांची दलाली मी खिशात दमडी नसताना सुरू केली आणि आवाजाच्या जोरावर वाढवली. एचआयव्हीच्या गोळ्या आम्ही नवरा-बायको वर्षानुवर्षं घेतोय, एक दिवस चुकवत नाही. पण प्रेशर चढलं ते माझं एकट्याचं. हिचं झकास. भांडायला घरात दोघं असतो, मग हे कसं, हा माझा जुना सवाल आहे.

प्रेशरची गोळी आधीच सुरू झाली होती. माझा विचार असा, की प्रेशर चढतं भूमच्या बाजारात, तर गोळीही बाजाराच्याच दिवशी घ्यावी. घरी बसून ती कशाला वाया घालवायची? बायकोनं हे सिस्टरसमोर फोडलं. ते मी अजून विसरलेलो नाही.

सिस्टर भडकली. "एवढी वर्षं तो आजार ताब्यात ठेवलात आणि आता ह्या प्रेशरनं आडवं व्हायचंय? प्रेशर दुखत नाही म्हणून कळत नाही. मीठ कमी करा, लोणचंही बंद. लकवा मारून हात गेला, तर दलाली कशी करणार?"

येताना बेंबळीच्या एसटीत बायको शेजारी बसली. आमच्या धंद्यात आरडाओरडा कितीही झाला तरी भाव तोंडानं सांगत नाहीत, रुमालाखाली बोटं धरून ठरवतात. हिनं भर गाडीत माझा हात ओढला आणि त्यावर पदर टाकला.

"आवं, सांगा. आठवड्यातनं किती दिस गोळी घेणार?"

मी तिची तीन बोटं धरली. तिनं माझा अख्खा पंजा दाबला, सोडला, मग दोन बोटं धरली. सात.

"पाच," मी कुजबुजलो.

"तोंडानं बोलायचं न्हाय."

तिनं पुन्हा पंजा दाबला, मग तीच दोन बोटं धरली आणि ती सोडेचना. बाजारात समोरच्यानं अशी बोटं धरून ठेवली की तो अडलाय हे ओळखून मी भाव आणखी ताणतो. गाडीत ते जमलं नाही.

"मंजूर. पण लोणचं सोडणार न्हाय."

"त्येचं घरी बघू."

गोळी आता रोज घेतो. लोणच्याची बरणी मात्र हिनं सकाळी दवाखान्याला निघतानाच शेजारी देऊन टाकलेली होती. असा दगा मला बाजारातही कुणी दिलेला नाही.