लालगडाचं टाकं

लतिका काकूंबद्दल लिहायचंय आणि आत्ताच लिहायचंय, कारण मी परतीच्या ट्रेनमध्ये बसलेय, बुटांना अजून लाल माती आहे, आणि एकदा घरी जाऊन झोपले की उद्या हे सगळं नेहमीसारखं वाटायला लागेल. ते मला नकोय.

काकू कार्ल्सरूहला राहतात. वय चोपन्न, मूळच्या पुण्याच्या, एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला. कुमार काकाही आयटीतलेच. मुलगी अन्वी सोळा वर्षांची, तिला मराठी सगळं कळतं पण उत्तर जर्मनमध्ये येतं. मी इथे मास्टर्सला आले तेव्हा खोली मिळत नव्हती, म्हणून सुरुवातीला मी यांच्या तळघरातल्या खोलीत राहिले. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की ही बाई एका शनिवारआड सकाळी जुने बूट घालते आणि दारातून ओरडते, "फ्रान्सला जाऊन येते गं, दूध संपलंय तेवढं आण." मंडईत निघाल्यासारखं.

एकदा मी म्हटलं, मी पण येते. कशाला, कुठे, काही विचारलं नाही. डॉइचलांडटिकेट, म्हणजे आमचा महिन्याचा पास, सीमेपलीकडच्या विसाँबूरपर्यंत चालतं, तेवढंच मला माहीत होतं.

विसाँबूरपासून थोडी बस आणि मग चाल. आधी एक गाव लागतं, अगदी एवढंसं, लाकडी चौकटींची घरं, मधोमध दगडी हौद, त्यावर छप्पर, तिथे बायका कपडे धुवायच्या म्हणे. पाणी अजून वाहतंय. मी हात घातला तर बधिरच झाला. पुढे जंगल. झाडांवर रंगाच्या खुणा, कुठे लाल चौकोन, कुठे निळा गोल, एक रंग धरला की चुकत नाही. वाट मध्येच जर्मनीत शिरते आणि परत फ्रान्समध्ये येते, आणि तिथे काय आहे, तर शेवाळलेला एक दगड. बस. चौकी नाही, गेट नाही, कोणी विचारत नाही. मी व्हिसासाठी आउसलेंडरबेहोर्डेच्या, म्हणजे परदेशी लोकांच्या ऑफिसच्या, बाहेर थंडीत उभी राहिलेली पोरगी, मला त्या दगडाकडे बघून कसंतरीच झालं. काकू त्याच्यावर बसल्या आणि डब्यातली दशमी काढली.

"एक पाय इकडे ठेव, एक तिकडे," म्हणाल्या, "आणि खा. चटणी दोन्ही देशांत सारखीच लागते."

आणि मग झाडं संपली आणि समोर तो आला.

त्याचं खरं नाव मी लिहीत नाहीये, गर्दी नको म्हणून काकूंची अट आहे. त्या त्याला लालगड म्हणतात. जंगलातून एकदम वर आलेला लाल दगडाचा उभा कातळ, जहाजासारखा, आणि किल्ला त्याच्यावर बांधलेला नाही, त्याच्यातच कोरलेला आहे. जिने कातळाच्या पोटातून वर जातात. पायऱ्या मधे इतक्या झिजल्यात की पाऊल टाकलं की खोलगट भागात बरोबर बसतं, म्हणजे सातशे-आठशे वर्षांपूर्वी कोणीतरी पाय ठेवला तिथेच मी ठेवतेय. मी भिंतीला हात लावून नुसती उभी राहिले.

काकू म्हणाल्या, "मी पहिल्यांदा आले ना, तेव्हा इथे बसून रडले होते. वीस वर्षं मला वाटत होतं की मी किल्ले तिकडेच ठेवून आले."

मग ती गोष्ट कळली. कॉलेजात असताना काकू किल्ल्यांवर काम करणाऱ्या एका ग्रुपमध्ये होत्या. मावळातल्या एका छोट्या किल्ल्यावर गाळाने भरलेलं पाण्याचं टाकं होतं, दोन उन्हाळे ते उपसत होते, साखळी करून, हातोहात घमेली फिरवत. तळ लागायच्या आधी लग्न ठरलं आणि त्या जर्मनीत आल्या. टाकं पुढे मोकळं झालं. ग्रुपवर फोटो आला. काकूंनी तो किचनमध्ये, पोळ्या करता करता पाहिला.

"फोटोत पाणी दिसतं गं," म्हणाल्या, "पण थंड लागत नाही."

लालगडावर पण टाकं आहे. अगदी माथ्यावर, कातळात खोदलेलं, आणि गळ्यापर्यंत दगडमातीने भरलेलं. काकू दर वेळी त्याच्या काठावर बसायच्या. नुसत्या बसायच्या, बाकी काही नाही.

म्हणजे मागच्या उन्हाळ्यापर्यंत काही नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी बरोबर होते. टाक्याच्या शेजारच्या भिंतीवर आयव्हीचा वेल भरपूर वाढला होता. आता सह्याद्रीत भिंतीत झाड दिसलं की पहिलं ते काढायचं, हे काकूंच्या हातातच आहे. त्या बोलता बोलता उठल्या, वेल दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. वेल आला. त्याच्याबरोबर एक दगड पण आला, चांगला मोठा, खाली आपटला आणि त्याचे दोन तुकडे झाले.

खालून एक म्हातारा आला. ल्युसियाँ वेंडलिंग. त्या गावातल्या सात-आठ रिटायर्ड लोकांचं एक मंडळ आहे, ते हा किल्ला सांभाळतात, हा त्यांचा प्रमुख. आल्सास म्हणजे या सीमेवरच्या भागातला माणूस, जर्मनसारखंच काहीतरी बोलतो, पण आपल्याला अर्धंच कळतं. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने तुकडे बघितले, भिंतीतलं भोक बघितलं आणि म्हणाला, "मादाम, आठशे वर्षं हा दगड कोणी पाडला नव्हता."

मग सांगितलं, की वेल ओढायचा नसतो, त्याची मुळं चुन्यात गेलेली असतात. आणि इथे हात लावायला परवानगी लागते. मंडळाची बैठक होईल, तिथे ठरेल. तोपर्यंत तुम्ही वर यायचं नाही.

ट्रेनमध्ये काकू नखांतली माती काढत बसल्या.

घरी कुमार काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तू फ्रान्समध्ये जाऊन किल्ला पाडून आलीस. आठशे वर्षांत कोणा सैन्याला जमलं नसेल."

"अहो, गप्प बसा."

"नाही, मी अभिमानाने म्हणतोय."

काकू हसल्या नाहीत. नंतर भांडी घासता घासता मला म्हणाल्या, "दंड करू देत, काहीही करू देत. फक्त वर येऊ नका म्हणाले तर मी काय करू, वल्लरी?" मी एकेक ताट पुसत बसले. पुढचे शनिवार त्या घरीच होत्या, इस्त्री करत. इतकी इस्त्री, की अन्वी मला म्हणाली, "मामा बुगेल्ट सोगार सोकेन," म्हणजे आई मोज्यांना पण इस्त्री करतेय.

बैठकीला आम्ही सगळे गेलो, काका गाडी घेऊन. गावातला छोटा हॉल, सगळे सत्तरीच्या पुढचे, टेबलावर केक. काकूंनी जर्मनमध्ये भाषण पाठ केलं होतं, ते पहिल्या वाक्यालाच विसरल्या. मग सरळ म्हणाल्या, "दगड माझ्यामुळे पडला. आमच्याकडे पण असे किल्ले आहेत, कातळात कोरलेले, आणि आमच्याकडे पण आम्ही वेल ओढायचो. तिथे किती दगड पाडले असतील, आता झोप येत नाही. मला वर यायचंय. पण तुम्ही शिकवाल तसंच."

सगळे आपापसात फ्रेंचमध्ये बोलायला लागले. काकूंनी माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली. मग वेंडलिंग आमच्याकडे वळले. दगड गवंडी बसवेल, म्हणाले. प्रश्न टाक्याचा आहे. टाकं उपसायची सरकारी परवानगी आलीय, पुरातत्त्वाच्या बाई येणार आहेत, पण ती या शरदापुरतीच आहे. आणि जिना एवढा अरुंद की माती हातानेच उतरवावी लागणार. त्यांनी टेबलाभोवती हात फिरवला. "आमचे गुडघे बघा. एक बादली घेऊन खाली, परत वर. आम्ही पुढच्या जन्मात संपवू."

काकूंनी विचारलं, "वर-खाली चालता कशाला? जिन्यावर नुसतं उभं राहायचं."

"कोण उभं राहणार?"

"मी आणते."

वेंडलिंगनी केकची ताटली बाजूला सारली. "आणा," म्हणाले. "मग तुमचं काय करायचं ते बघू."

त्या रात्री काकूंनी इथल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर टाकलं आणि मी पण टाकलं, आणि मला खरंच वाटलं नव्हतं, पण लोक आले. एश्बॉर्नहून आयटीवाले, रेगेन्सबर्गचा पीएचडीवाला उत्कर्ष जो कधी फोन उचलत नाही तो पण, माझ्या वर्गातली पोरं, एक आजी ज्या फक्त पोहे घेऊन आल्या. ऑक्टोबरचा शनिवार, धुकं. काकूंनी सगळ्यांना पायऱ्यांवर उभं केलं, वर टाक्यापासून खाली आवारापर्यंत, उजवा हात वरच्या माणसाकडे, डावा खालच्याकडे. पुरातत्त्वाच्या बाई खाली चाळणी घेऊन बसल्या. मंडळाचे म्हातारे मध्ये-मध्ये, खुर्च्यांवर.

"घे. दे," काकू म्हणाल्या. "बोलायचं एवढंच. घे, दे."

आणि बादल्या यायला लागल्या. पहिली वाकडीतिकडी, माझ्या पायावर सांडली. मग लय लागली. घे, दे. भरलेली खाली, रिकामी वर. माझ्या खालच्या पायरीवर अन्वी होती, सकाळपासून तोंड पाडून, दास इस्ट पाइनलिष म्हणजे लाज आणतेस, असं आईला तीनदा सांगून आलेली. अर्ध्या तासाने मी खाली बघितलं तर ती म्हणत होती, "घे, दे." मराठीत. आणि तिच्या खालच्या खुर्चीतले वेंडलिंग म्हणत होते, "घे, दे," आणि त्या कातळाच्या पोटात तो आवाज गोल-गोल फिरत होता, आणि मला वाटलं की याआधी इथे असाच आवाज आला असेल, ज्यांनी हे खोदलं त्यांचा, वेगळ्या भाषेत, पण हेच दोन शब्द. माझे डोळे भरून आले आणि हात भरलेले होते म्हणून पुसता आले नाहीत.

असे चार शनिवार. शेवटच्या दिवशी काकू स्वतः टाक्यात उतरल्या होत्या, आणि अचानक वरून बादली यायची थांबली. मी धावत वर गेले. त्या तळावर गुडघ्यांवर बसल्या होत्या आणि हाताने माती बाजूला करत होत्या. खाली कातळ होता. त्याच्यावर छिन्नीचे घाव, तिरपे, एकाशेजारी एक, इतके ताजे की वाटलं कोणीतरी जेवायला उठलंय आणि येऊन परत सुरू करेल.

"आमच्या टाक्यात असेच होते," काकू म्हणाल्या. "भिंतीवर, दिसत होते तेवढे. तळाचे मी पाहिलेच नाहीत." आणि तळहात त्या घावांवर ठेवून खूप वेळ बसल्या. कोणी हाक मारली नाही.

आणि आज.

हिवाळाभर पाऊस-बर्फ झाला. काकूंना वर यायची परवानगी आहे की नाही, हे कोणी शब्दांत सांगितलंच नव्हतं आणि काकूंनी विचारलं नव्हतं, भीतीने. काल वेंडलिंगचा फोन आला, उद्या या, एवढंच. आम्ही दोघी गेलो. ते टाक्यापाशी उभे होते. टाकं भरलं होतं. काठोकाठ नाही, पण भरलं होतं, काळं स्वच्छ पाणी, त्यात आभाळ आणि भिंतीचा तो बसवलेला दगड, सांध्यात नवीन चुना. काकूंनी वाकून हात बुडवला. मनगटापर्यंत.

वेंडलिंगनी खिशातून एक छोटी घडीची करवत काढली आणि भिंतीवरच्या उरलेल्या वेलाकडे बोट केलं. "मुळाशी कापायचं," म्हणाले, "आणि सोडून द्यायचं. वर आपोआप सुकतं. दोन वर्षांनी हातात येतं. हा पूर्वेकडचा भाग आता तुमचा."

"दोन वर्षांनी," काकू म्हणाल्या.

"हो. घाई असेल तर दुसरा किल्ला बघा."

काकूंनी करवत घेतली, ओल्या हातानेच. भिंतीशी बसल्या, जाड खोड शोधलं आणि कापलं. वरचा सगळा वेल तसाच हिरवा, त्याला अजून पत्ताच नाही. त्यांचा हात सवयीने वर गेला, वेलापर्यंत गेला, आणि तिथे थांबला. मग त्यांनी तो मागे घेतला, मांडीवर पुसला, आणि दुसरं खोड शोधायला सरकल्या.