आखूड पट्टी

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील कामगारांच्या पक्षाची ती पत्रकं गावोगाव वाटत. उरलेल्यांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकलो. यंत्र माणसाचं ओझं उतरवण्यासाठी असतं, हे वाक्य मला तिथंच भेटलं. ते मी आजही मानतो. म्हणून पुढं जे झालं त्याचा दोष मी यंत्राला देत नाही.

राज्य नवं होतं, रस्ते रुंद होत होते. मोताळ्याहून धामणगाव बढेकडे जाणाऱ्या रस्त्याकडेची झाडं तोडायच्या कामावर मी होतो. दोन माणसांचा आरा. दुसरं टोक ओढत ते नात्याचे नव्हते, पण सगळे त्यांना भाऊ म्हणत; माझ्यापेक्षा बरेच मोठे. घर सोडल्यावर माझं बोलणं काय ते त्यांच्याशीच. आरा ढकलायचा नसतो. आपण ओढायचा, मग हात सैल सोडायचा, म्हणजे समोरचा ओढतो. झाड पडायच्या बेतात आलं की दोघं थांबत, खोडाआडून एकमेकांकडे पाहत. त्यांनी मान हलवली की शेवटचे हात.

मग ठेकेदारानं मोटारकरवत आणली. पेट्रोलवर चालणारी, पुढं लांब लोखंडी पट्टी आणि तिच्या कडेनं फिरणारी दातेरी साखळी. एकानं कापायचं, दुसऱ्यानं दूर फांद्या ओढायच्या, मग पाळी बदलायची. ज्याला करवत पेलणार नाही त्यानं घरी जायचं. भाऊंचा खांदा कधीतरी फांदी पडून दुखावलेला. त्यांनी करवत उचलली की पट्टीचं टोक जमिनीकडे जाई.

"पाण्याले आलेली म्हैस बी अशी मान टाकत नाही बे," ते म्हणाले.

करवतीच्या खोक्यात एक आखूड, अरुंद पट्टीही होती, तिच्या मापाची साखळीही. मी ठेकेदाराला म्हणालो, "ही लावू द्या. यंत्र माणसाच्या मापाचं पाहिजे."

"भाषण सभेत कर. ते फांद्यांसाठी हाय. अन् किती हलकं होते, तोलून दाखव मले."

बाजाराच्या दिवशी मोताळ्यात कापसाच्या काट्याला आम्ही करवत टांगली. आधी लांब पट्टीसकट, मग आखूड. काटा जरासाच सरकला.

"एवढा तं कापसात कचराच निंघते," तोलणारा म्हणाला. ठेकेदार आणि तो, दोघंही हसले.

"काट्याचं सोडा," मी म्हणालो. "भाऊंच्या हातात द्या."

वजन थोडंच उतरलं होतं, पण उतरलं होतं ते टोकाचं, हातापासून लांबचं. भाऊंनी उचलली आणि करवत सरळ राहिली. तोलणाराही हसायचा थांबला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या निंबाला ती पट्टी पुरेना. भाऊंनी एका बाजूनं कापलं, मग वळसा घालून दुसऱ्या बाजूनं. झाड पडलं, अगदी हवं तिकडं.

"राहू दे मंग याले," ठेकेदार म्हणाला.

मी फांद्या टाकून धावत गेलो. भाऊ करवत बंद करून तिच्याकडे पाहत उभे होते.

"हलकी हाय," ते म्हणाले.

"मंग आता राह्यता ना, भाऊ?"

"राह्यलो असतो. पण पाह्यलं का, पलीकडून बी मीच होतो." त्यांनी करवत माझ्या हाती दिली. "पिंपळगाव राजाले माहा साळा आरा वढते. त्याले जोडी नाही. तिकडं जातो आता."

करवत तशीच हातात घेऊन मी त्यांच्यामागं रस्त्यापर्यंत गेलो.

"हेच पट्टी ठेव," जाताना ते म्हणाले. "तुहा खांदा बी जन्माचा नाही."

ती मी बदलली नाही. दिवसभर करवतीचा आवाज कानात असे, आणि फांद्या ओढायला आलेला नवा माणूस हाकेच्या बाहेर. झाड पडायच्या बेतात आलं की मी करवत बंद करी आणि खोडाआडून पलीकडे पाही. तिथं रस्ता असे, रस्त्यापलीकडे कुणाची तरी तूर.

"बंद काऊन केली बे?" ठेकेदार ओरडे. "पेट्रोल काय वरून पडते?"

मी करवत सुरू करायची दोरी ओढी, आणि सोडी.