रिकामी किटली

बूट अजून खोक्यातच आहेत. लेकीनं पुण्याहून आणले, निळे, जाड तळव्याचे, आणि जाताना बजावून गेली, "आई, शोभेला ठेवू नकोस हं." शोभेलाही ठेवले नाहीत. खोकं कपाटावर आहे आणि त्याच्यावर जुन्या साड्यांचं गाठोडं. साडीखाली बूट घालून आळे गावाच्या रस्त्याला लागायचं म्हणजे बायका पदराआड हसणार, हे मला बूट बघताक्षणी कळलं होतं.

मी ब्लाउज शिवते. लग्नसराईत मान वर करायला फुरसत नसते, आणि एरवीही बसूनच असते. पूर्वी पायमशीन होतं, तेव्हा निदान पाय तरी हलायचे. मग गुडघे कुरकुरायला लागले म्हणून नवऱ्यानं मोटर बसवून दिली. आता नुसतं दाबलं की मशीन पळतं आणि मी जागची हलत नाही. रक्तात साखर निघाली तेव्हा नारायणगावच्या डॉक्टरांनी विचारलं, "दिवसभर काय करता?" मी म्हणाले, "बसते." खोटं काय बोलायचं?

त्यांनी मला डोळे मिटायला लावले. नायलॉनच्या दोऱ्याचं टोक तळपायाला ठिकठिकाणी टेकवत विचारत गेले, "इथं कळतंय? आणि इथं?" मला सगळीकडं कळलं. "छान," ते म्हणाले, "आहे तोवर जपा. रोज चाला, साखर आटोक्यात ठेवा. आणि चालताना बूट घाला. तळव्याची जाणीव एकदा गेली की परत आणणं अवघड."

हे मला सांगायची खरं तर गरज नव्हती. माझ्या घरात दाराशेजारच्या खाटेवर माझी आई असते, आणि तिचा डावा पाय गुडघ्याच्या खाली नाही.

भाऊ चाकणला तिसऱ्या मजल्यावर राहतो, इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून आई माझ्याकडं आली. तिचंही साखरेचंच. कांद्याच्या वावरात बाभळीचा काटा पायात मोडला आणि तिला कळलं नाही. आईच्या बांगडीला कायम एक सेफ्टी पिन अडकवलेली असते. त्या पिनेनं तिनं माझे, भावाचे, शेजारपाजारच्या सगळ्या पोरांचे काटे काढले. एवढ्या काट्यांची माहितगार बाई, आणि स्वतःच्या पायातला काटा घेऊन ती कांदे खुरपत राहिली. पाय सुजून चप्पल जाईना तेव्हा बघितलं. आधी अंगठा गेला, मग अर्धं पाऊल, मग गुडघ्याखालचं सगळं. प्रत्येक वेळी दवाखान्यात मी तिच्या उशाशी होते.

आता हे असं रोज डोळ्यांसमोर असताना माणूस उठून चालायला लागेल की नाही? मी नाही लागले.

पहाटे निघावं तर बिबट्या. आमच्याकडं हे कारण कुणी खोडू शकत नाही. घरामागं ऊस, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, अंधारात एकटंदुकटं फिरू नका म्हणून फलक लावलेले. त्या जनावराचा मला जेवढा आधार झाला तेवढा कुणाचा झाला नसेल. मी दुलई ओढून घ्यायचे आणि नवऱ्याला म्हणायचे, "उजाडू तर दे." उजाडलं की भाकरी, धुणं, मग गिऱ्हाइकं. पुढं ऊस तुटला, ट्रॉल्या भरभरून पारगावच्या कारखान्याकडं गेल्या, लांबवर सगळं उघडं दिसायला लागलं. बिबट्याला लपायला जागा उरली नाही, तर मला थंडी वाजायला लागली.

लेकीनं मोबाईलवर योगासनांचा व्हिडिओ पाठवला. तो मी पूर्ण बघितला, पडून. आवडला. दुसऱ्या दिवशी परत बघितला, परत पडूनच.

मी उडवाउडवी करतेय असं वाटेल. पण त्या दिवसांत मला स्वतःची खरोखर किळस यायची. रोज सकाळी डोळे उघडले की पहिला विचार हाच, ऊठ. आणि शरीर ऐकायचंच नाही. तापात पडलेलं माणूस निदान तापाला दोष देतं, मला तर काही झालेलंही नव्हतं. पाय शाबूत, रस्ता दारात, वेळ काढला तर निघण्यासारखा. याला आळस म्हणतात हे मला माहीत होतं, पण आळसात थोडं तरी सुख असतं ना? यात तेही नव्हतं. आपण मरायच्या आधीच थोडं थोडं मरत चाललोय, आणि तेही अंथरुणात पडून बघतोय, एवढंच होतं.

एकदा निघाले, नाही असं नाही. पण गावात बाई रिकाम्या हातानं चालली की लोकांना चैन पडत नाही. पहिल्या घरापासून सुरू. "कुठं निघाली गं?" "कुठं नाही, चालायला." "कुठं चालायला?" पुढच्या घरी हेच. त्यातून सुटले तर मागून मोटारसायकल येऊन थांबली. ओळखीतला मुलगा. "काकू, बसा की, कुठं सोडू?" मी म्हणाले, "नको रे, चालतेच आहे." त्याचा चेहरा पडला. "आमच्या गाडीव बसाया चालत न्हाई व्हय?" बसले. त्यानं मला फाट्यावर नेऊन सोडलं, जिथं माझं काहीच काम नव्हतं. परत येताना दुसऱ्यानं आणून घरी सोडलं. त्या दिवशी मी दोन गाड्यांवर बसून व्यायाम करून आले.

आईला हे सांगितलं तर ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "हातात किटली घ्यायची पोरी. दुधाची किटली दिसली की कोन बी इचारत न्हाई. डेअरीला चालली म्हन्त्यात." आमच्याकडं आता गाय नाही, पण किटली आहे. मी म्हणाले, "बघू उद्या." किटली घासून दाराशी ठेवली आणि ती बरेच दिवस तिथंच राहिली.

आईचा व्यायाम मात्र एक दिवस चुकायचा नाही. कृत्रिम पाय बसवायचा तर गुडघा वाकता-उलगडता राहायला पाहिजे, आखडला तर काही उपयोग नाही, असं दवाखान्यातून सांगितलेलं. तिनं त्याला आपली युक्ती काढली होती. टीव्हीवर मालिका चालू असली की स्वस्थ बसायची, आणि जाहिराती लागल्या की पाय वर. साबणाची, तेलाची, बियाण्याची, जेवढ्या लागतील तेवढ्या वेळ तो तोकडा पाय वर-खाली, वर-खाली चालायचा. दात आवळलेले, तोंडातून आवाज नाही. तिला उठून स्वतःच्या पायानं न्हाणीत जायचं होतं. "माझं मला जाऊ दे एकडाव," म्हणायची, "मंग देवानं न्हेलं तरी चालंल." मी मशीनवर बसून ते बघायचे आणि दाबून मशीन जोरात पळवायचे.

एक दिवस जाहिराती लागल्या आणि आईचा पाय हलला नाही. मला वाटलं, विसरली असेल. पुढच्या वेळीही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी विचारलं, "आई, पाय?"

"न्हाई करायचा."

"का? दुखतोय?"

"दुखत न्हाई." तिनं टीव्हीवरची नजर काढली नाही. "तू जात न्हाईस, मंग मी कशाला करू? मी पाय लावून उठले, आन् तू या खाटंव आलीस, तर कोनाला बघू मी?"

मी चिडले. नको नको ते बोलले. तू लहान आहेस का, माझ्यावर कसली सक्ती करतेस, तुझा गुडघा आखडला तर परत मलाच उचलावं लागणार आहे, असंही बोलले. जेवणं झाली. जाहिराती येत होत्या, जात होत्या, आणि तो पाय गोधडीखाली तसाच पडून होता. ही बाई खरंच थांबेल, हे मला माहीत होतं. शब्दाला जागणारी, पहिल्यापासून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किटली उचलली.

बूट काढावेत असं मनात आलं होतं. पण गाठोडं उतरवा, खोकं काढा, नाड्या बांधा, एवढ्यात माझा विचार बदलेल अशी भीती वाटली. शिवाय दूध घालायला बूट घालून कोण जातं? पायात चप्पल सरकवली आणि निघाले.

आणि आईचं खरं निघालं. कुणीही काही विचारलं नाही. मोटारसायकलवाले हात करून पुढं जात होते. कालव्याच्या कडेनं गेले, पुलापर्यंत जाऊन परत फिरले. दोन्हीकडं कांद्याची लागण चालली होती, बायका ओळीनं वाकलेल्या. घामानं पाठ ओली झाली. घरी आले तर आई दारातल्या उजेडाकडं बघत बसलेली. "गेल्तीस?" "गेले होते." "कालव्याला पानी हाय?" "आहे." तिनं मान हलवली. त्या दिवशी पहिली जाहिरात लागली आणि गोधडी हलली.

मग मी रोज जायला लागले. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायला लागलं असं नाही. रोज सकाळी तोच दगड छातीवर असायचा. पण आईचा पाय माझ्या पायाला बांधलेला होता. मी पडून राहिले तर तोही पडून राहणार. किटली झुलवत जायचे, आईसाठी बघून यायचे, कुणाच्या कांद्यावर औषध मारतायत, कुणाचा झेंडू तोडायला आलाय. तिला ते सगळं हवं असायचं. एकदा तर वाटलं, हे जमतंय. संकष्टीला ओझरला गेलो तेव्हा गणपतीपुढं काही मागितलंसुद्धा नाही मी, सगळं जागेवर आल्यासारखं वाटत होतं.

परवाही तशीच गेले. एका ठिकाणी कुंपणासाठी बाभळीच्या फांद्या ओढून नेल्या होत्या, रस्त्यावर डहाळ्या सांडलेल्या. मी बाजूनं आले. घरी आले, किटली दाराशी ठेवली, चप्पल काढली आणि पाणी प्यायला आत गेले. बोलत होते मी. कुठल्या वावरात ट्रॅक्टर रुतलाय ते सांगत होते. आईचं उत्तर येईना म्हणून वळले.

ती फरशीकडं बघत होती. दारापासून माझ्यापर्यंत पांढऱ्या फरशीवर लाल ठिपके आले होते, एका पावलाआड एक. जास्वंदीचं फूल पायाखाली आलं असेल, असंच मला वाटलं. मी वाकून बघितलं.

"पाय दाव," आई म्हणाली.

"काही नाही गं, खरचटलं असेल."

"हितं बस आन् पाय दाव."

मी खाटेच्या कडेला बसले आणि उजवा पाय तिच्या मांडीवर ठेवला. तिनं पदरानं तळवा पुसला. बाभळीचा काटा, चपलेतून आरपार येऊन टाचेत मोडलेला. तो पायात घेऊन किती चालले, मला माहीत नाही. पुलाजवळून आले असेन किंवा आत्ताच लागला असेल. आईनं बांगडीची पिन सोडली. मग तिनं दाराशी ठेवलेल्या किटलीकडं बघितलं, आणि मला कळलं की ती आता काय विचार करतेय. आपण हिला चालायला लावलं, असा.

ते मला सहन होईना. मी भिंतीकडं तोंड फिरवलं, डोळे गच्च मिटले आणि जरा वेळानं जोरात ओरडले, "आई गं! हळू ना!"

पायावरचा तिचा हात थांबला. टीव्हीवर कुठल्यातरी तेलाची जाहिरात वाजत होती.

"पोरी," आई म्हणाली, "आजून मी काट्याला पिन बी लावली न्हाई."

मी डोळे उघडले नाहीत. काटा तिनं मग कधी काढला, ते मला कळलं नाही.