न पडलेला दुसरा गिअर

ताई कवळ्या बनवते. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासूनपुसून जागेवर बसवायचे, त्यामुळे बोटांना बारीक कामाची सवय. म्हणून दादाच्या ट्रकचे स्क्रूही तिच्याकडेच. ट्रक मांडीवर मावेल एवढा, रिमोटवर चालणारा. पण इंजिन खरं, नायट्रो इंधनावर किंचाळणारं. दर रविवारी ही दोघं भावंडं गोदामामागच्या मैदानात हजर. दादा चालवणार, ती सांभाळणार.

दादाची उभी हयात पत्रे कापणाऱ्या मशीनपाशी गेली. मशीनने पगार दिला आणि कान नेले.

"मला नीट ऐकू येतं," तो म्हणायचा. "तुम्हीच लोक पुटपुटता."

ट्रकला दोन गिअर. वेग वाढला की दुसरा आपोआप पडतो आणि इंजिनाची किंकाळी एकदम खाली येते. ती उतरली की हात आवरायचा, कारण पुढे वळण असतं. दादाला ते कळेनासं झालं. ट्रक सुसाट सुटून कुंपणावर आपटू लागला. मैदानावरची पोरं म्हणाली, "काकांना आता खुर्ची द्या." दादाने ते हसण्यावारी नेलं. घरी आल्यावर मात्र रिमोट कपाटावर टाकला, अगदी मागे, भिंतीला लागून.

ताईने तो काढून पुन्हा त्याच्या हाताशी ठेवला. गिअर पकडून धरणारे पॅड नवे बसवायचं निमित्त करून तिने गिअरबॉक्स उघडला आणि आतला एक स्क्रू पार आवळला. आता दुसरा गिअर पडणारच नव्हता. ट्रक जरा मंद धावला असता, पण दादाच्या हातात राहिला असता.

रविवारी सरळ पट्ट्यावर दादाने जीभ वाजवली.

"टक्क! पडला बघ दुसरा. ऐकलंस ना, माकडे?"

काहीच पडलं नव्हतं.

"ऐकलं की," ती म्हणाली.

मग दर फेरीला टक्क. दर टक्कला तिची मान हलायची आणि नजर जमिनीकडे जायची. दादा मात्र खुलला. इतका, की एक दिवस ट्रक काखेत मारून तिला दुकानात घेऊन गेला.

"दोन गिअर तर खिशात आहेत. आता तीनवाला दाखवा."

"तीनवाला दोनदा बदलतो, काका. कान टवकारून बसावं लागतं," दुकानदार म्हणाला. "आधी जुना किती झिजलाय ते बघू."

"उघडताय कशाला?" ताई घाईने म्हणाली. तोवर झाकण निघालं होतं.

"अहो, दुसऱ्याचे पॅड तर कोरे करकरीत! हा दुसऱ्यात गेलेलाच नाही. स्क्रू कुणी आवळला एवढा?"

दुकानदाराचा आवाज खणखणीत होता. दादाला सगळं ऐकू गेलं. त्याने ताईकडे पाहिलं.

"मग मी काय ऐकत होतो?"

"तू सगळं सोडून बसशील असं वाटलं, दादा."

"पोरांना कळत होतं?"

तिला खोटं बोलता आलं असतं. एवढे रविवार बोललीच होती.

"हो."

दुकानदार स्वच्छ असलेलीच काच पुसायला लागला. काउंटरवर आलेला तीन गिअरचा खोका दादाने त्याच्याकडे परत सरकवला.

"दोनवालाच बरा आहे. आवळलाय तिने, सैलही तीच करेल."

घरी तिने स्क्रू सैल केला.

रविवारी सरळ पट्ट्यावर किंकाळी खाली आली. दादाची जीभ वाजली नाही. ट्रक कुंपणात गेला.

"पडला होता?" त्याने मान न वळवता विचारलं.

"हो."

"मग तोंड शिवलंय का?"

पुढच्या फेरीला ती दादाला खेटून उभी राहिली. किंकाळी उतरली.

"टक्क," ती म्हणाली.

"मोठ्याने!"

"टक्क!"

दादाने हात आवरला. ट्रक वळला. पोरं माना वळवून बघू लागली, आता तिच्याकडे.