हलकी झालेली वहिनी

हॉटेलच्या तळघरातल्या धुलाईखान्यात तिला सगळेच वहिनी म्हणायचे. ती खरी वहिनी एकाच बाईची. पण ती बाई, म्हणजे तिची नणंद, तिथेच तिच्या समोर उभी राहून दिवसभर "वहिनी, ताण!", "वहिनी, सोड!" असं ओरडायची. ऐकून ऐकून मुकादमापासून कपड्यांच्या गाड्या ढकलणाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं.

दोघींचं काम चादरींच्या घड्या घालायचं. गरम चादर इस्त्रीच्या रोलरमधून बाहेर आली की एकीनं अलीकडची टोकं धरायची, दुसरीनं पलीकडची. एक झटका द्यायचा, जवळ यायचं, टोकं जुळवायची, पुन्हा लांब जायचं. नणंद म्हणायची, "लग्नाच्या नवऱ्याच्याही एवढी जवळ गेले नसेन मी!" आणि स्वतःच हसायची.

वहिनी तेव्हा अंगानं खूप जड होती. खुर्चीत बसायच्या आधी ती खुर्चीकडे नीट बघून घ्यायची. गुडघे तर असे धरायचे की तळघराचा जिना चढताना मधे थांबून ती भिंतीवरच्या सूचना वाचत असल्याचं दाखवायची. गुडघ्यांचा डॉक्टर दर खेपेला एकच सांगायचा, वजन उतरवा. तिनं उपास केले, सकाळी फिरली, कोमट पाणी प्यायली. वजन जायचं आणि जाताना वाट पाहून ठेवल्यासारखं परत यायचं. शेवटी पोट कापून लहान करायची शस्त्रक्रिया ठरली. इमारतींमध्ये विजेची कामं करणारा तिचा नवरा म्हणाला, "एकदा गुडघे सुटले की तू सुटलीस."

वजन उतरलं. इतकं उतरलं की जुनी ओळखीची माणसं रस्त्यात तिला ओलांडून पुढं जायची आणि मग मागे वळून पाहायची. मुकादम म्हणाला, "वहिनी, तुम्हाला आता हजेरीपटावर नवीन लावावं लागणार." सासू येईल-जाईल त्याला सांगायची, आमची सून बघा. वहिनी हसायची. हसायचं कुठं ते तिला कळत होतं, एवढंच. आत काही हलत नव्हतं. भूकही गेली होती. सगळे ताटावर बसले की ती आपली वाटीभर सूप घेऊन बसायची आणि बोलणी ऐकायची. जेवण म्हणजे एक काम होऊन बसलं होतं, दात घासण्यासारखं.

पहिले काही महिने गुडघे खरंच हलके झाले. मग हळूहळू ते पुन्हा बोलू लागले, आणि एकटे नाही, सोयरे-धायरे घेऊन. मनगटं, बोटांची पेरं, टाचा, खाली वाकलं की बरगड्या. सकाळी उठल्यावर मूठ वळायची नाही. ती गरम पाण्याच्या तांब्याला हात लावून बसायची, मग बोटं एकेक करून आत यायची.

"आता कशाला दुखतील?" नवरा म्हणाला. "ओझं तर उतरवलंस ना?"

तो वाईट माणूस नव्हता. त्याला हिशेबच जुळत नव्हता. तिलाही जुळत नव्हता. म्हणून तिनं पुन्हा विषय काढला नाही. दुखायचं, पण शेजारच्या घरात कुणीतरी खोकत असावं, तसं. ऐकू येतं, आपण उठून जात नाही.

कामावर मात्र झाकून राहिना. झटका दिला की चादरीचं टोक तिच्या बोटांतून निसटायचं. नणंद आधी हसली, मग चिडली. "बारीक झालीस तसं लक्ष उडालंय तुझं. आम्हा जाड्यांच्या समोर उभं राहायची लाज वाटते का?" वहिनीनं खाली पडलेलं टोक उचललं.

अशात दवाखान्यातून फोन आला. शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या लोकांना धीर वाटावा म्हणून आधीच्या रुग्णांशी गप्पा ठेवल्या होत्या, तुम्ही याल का? ती हो म्हणाली. नाही म्हणायला कारण सापडलं नाही. नणंद सोबत आली. तिच्याही मनात कुठंतरी शस्त्रक्रियेचं होतंच.

खोलीत खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या. वहिनीनं पाठ केल्यासारखं सगळं सांगितलं. आधी किती त्रास होता, कपडे कसे सैल झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग शेजारी बसलेल्या एका शाळामास्तरीणबाईनं हळूच विचारलं, "आणि गुडघे? माझं सगळं दुखणं गुडघ्यांचंच आहे. थांबलं का हो?"

"थांबलं," वहिनी म्हणाली.

गप्पा संपल्या. मास्तरीणबाईंना खुर्चीतून उठता येईना. त्यांनी हात पुढं केला आणि वहिनीनं तो धरला. धरला म्हणजे काय, त्यांचा भार हातावर आला आणि मनगटातून खांद्यापर्यंत अशी कळ गेली की तिनं हात सोडूनच दिला. बाई धपकन परत खुर्चीत बसल्या.

"लागलं का तुम्हाला?" त्यांनीच विचारलं.

वहिनी आपल्या हाताकडे बघत राहिली. "मघाशी खोटं बोलले मी," ती म्हणाली. आवाज कामाची वेळ सांगावी तसा. "थांबलं नाही. वजन गेलं. दुखणं वाढलं. आता हातही धरत नाहीत."

नणंद दारात उभी होती, तिथून तरातरा आली आणि वहिनीचा दंड धरून तिला सरळ शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी पायाचा पंजा दाबला तेव्हा वहिनीनं डोळे मिटले. मग रक्त तपासलं, पायाचा फोटो काढला. पायाच्या एका हाडाला केसासारखी चीर होती. तिच्यावर ती कितीतरी दिवस चालत होती.

"पोट लहान केलं, आतड्याची वाट वळवली, की अन्नातलं सगळं अंगी लागत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणून तर कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व जन्मभर घ्यायला सांगितलं होतं. ते मिळालं नाही की हाडं मऊ पडतात. गोळ्या घेत होता ना?"

"घशात अडकायच्या," वहिनी म्हणाली. "उलटी व्हायची. सोडून दिल्या."

"आणि तपासणीला आला नाहीत."

"सगळे म्हणत होते छान दिसतेस."

परत येताना बसमध्ये नणंद खिडकीशी बसली. मग एकदम म्हणाली, "मेले, तुझ्या हातून टोक सुटायचं तेव्हा एकदा तरी दुखतंय म्हणायचं होतंस. काय काय बोलले मी तुला." तिला रडू फुटलं. वहिनीला वाटलं आता आपल्यालाही रडू येईल. ती वाट पाहत राहिली. आलं नाही.

पायाला आधाराचा बूट लागला, सुट्टी मिळाली. इंजेक्शनं झाली. सकाळी नवरा गोळी लाटण्याखाली चिरडायचा, पूड पाण्यात ढवळायचा आणि पेला तिच्यापुढे ठेवून ती पिईपर्यंत उभा राहायचा. "ओझं उतरवलंस ना" हे त्यानं पुन्हा कधी काढलं नाही. माफीही मागितली नाही. ढवळायचा मात्र फार वेळ.

टाचा आधी सुटल्या, मग बरगड्या. हाड सांधलं. मनगटं बरीच वळली. गुडघे राहिले. त्यांची आधीच झिजलेली गादी कुठल्याही औषधानं परत यायची नव्हती, हे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. बोटंही थंडीत आखडायची ती आखडायचीच. मुकादमानं तिला घड्यांवरून काढून तपासणीच्या टेबलावर बसवलं. दिव्याखाली चादर पसरायची, डाग दिसला की बाजूला काढायची. रोलरपाशी नणंदेसमोर दुसरी बाई उभी राहू लागली. नणंद तिला रोज शिव्या घालायची.

मास्तरीणबाईंचा एकदा फोन आला. त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली होती. "तुम्ही खरं सांगितलंत म्हणून गोळ्या एक दिवस चुकवत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला पश्चात्ताप होतो का हो?"

वहिनीनं खरोखर विचार केला. गुडघे दुखले तरी जिना ती आता न थांबता चढते. ताटावर बसलं की तिला काही खावंसं वाटत नाही. "माहीत नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

जेवणाच्या सुट्टीत नणंद येऊन तिच्या टेबलाशी बसते. हातातलं खाणं संपलं की न विचारता वहिनीच्या हाताचा पंजा मांडीवर ओढून घेते आणि एकेक पेर चोळत बसते. तोंडानं नव्या बाईची गाऱ्हाणी चालूच असतात.

"दुखतंय?" मधेच विचारते.

"थोडं."

मग नणंद जरा हलक्या हातानं चोळते. नव्या बाईनं आज काय केलं ते पुढं सांगू लागते.