कागदावरचं माप

फीत काकूंच्या गळ्यात असायची, पण माप त्या आधी डोळ्यांनी घ्यायच्या. दारातून आत येणाऱ्या बाईकडे खांद्यापासून कमरेपर्यंत एकदा बघायचं, "छत्तीस, एकतीस" म्हणायचं आणि मग खात्रीपुरती फीत लावायची. अर्ध्या इंचाचा फरक निघालाच तर म्हणायच्या, "जेवून आलीस व्हय?" गॅसची टाकी आणणारा पाठमोरा झाला की हळूच सांगायच्या, "बेचाळीस हाय. शर्ट चाळीसचा घालतंय येडं." तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल, जिच्यासमोरून जाताना आपण नकळत पोट आत घेतो.

लातूरला आमच्या शेजारच्या घरात त्या दिराकडे राहायच्या. नवरा गेल्यावर पुढच्या खोलीतला खिडकीजवळचा कोपरा आणि शिलाई मशीन एवढंच त्यांच्या वाट्याला आलं होतं. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. मी त्यांना काकू म्हणायचे आणि ऑफिसातून आले की त्यांच्याजवळ जाऊन बसायचे. माझं माणसांशी पटकन जमत नाही. तिथे मशीन चालू असायचं, त्यामुळे गप्प बसलं तरी चालायचं.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी बोलते, पण मध्येच एखादा शब्द येतो आणि कळत नाही. विचारायची लाज वाटते, म्हणून मी मान डोलावते. एकदा काकू म्हणाल्या, "तेवढी काजं राहिलीत, झाली की देते." मी घरी जाऊन आईला सांगितलं, काकू काजू देणार आहेत. काकूंच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या आणि पोटभर हसल्या. "इंग्रजी शाळेनं पार उसवून ठिवली की गं तुला!" मग ब्लाउजवरच्या बटणाच्या फटीत माझं बोट घालून म्हणाल्या, "हे काज." मीही हसले. मान डोलवायची सवय मात्र गेली नाही.

त्या वर्षी दिराने घरात विषय काढला. "वैनी, शिरूरला आबांचं करायला कोणी न्हाई. मशीन काय, तिथंबी चालतंय." आबा म्हणजे काकूंचे सासरे. शिरूर अनंतपाळला अंथरुणाला खिळलेले. काकूंनी मशीन चालूच ठेवलं. पण त्याच आठवड्यात त्यांना कळलं की नांदेडच्या एका शिवणवर्गाला शिकवायला बाई हवी आहे, आणि राहायला खोलीसुद्धा मिळणार आहे. काकू एकट्याच जाऊन आल्या आणि येताना एक पाकीट आणि मोजून दिलेलं गडद निळं कापड घेऊन आल्या.

पाकिटात परदेशी कंपनीचा कागदी पॅटर्न होता. ऑफिसात घालायचा ड्रेस, गुडघ्यापर्यंत, कमरेत बसणारा, पाठीला चेन. पंधरा दिवसांत घरी शिवायचा आणि कुणाच्या तरी अंगावर घालून वर्गाच्या मॅडमना दाखवायचा, हीच परीक्षा. अट एकच, इंग्रजी सूचना स्वतः वाचता आल्या पाहिजेत.

"तू वाच, मी कापते," काकू म्हणाल्या. "मॅडमला कुठं कळायलंय कुणी वाचलं ते. आन् अंगाला तूच. अशा ड्रेसला असंच सडसडीत माणूस लागतं."

कुणीतरी मला निवडलं याचाच मला आनंद झाला होता.

मी वाचत गेले, त्या खुणा करत गेल्या. पहिल्या पानावर चौकटीत काही ठळक ओळी होत्या. प्रत्येक वस्तूवर कंपनीच्या सूचना असतात तशा असतील, म्हणून मी त्या सोडून दिल्या. पातळ कागद निळ्या कापडावर पसरल्यावर काकू थबकल्या. माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे.

"लहान दिसायलाय गं."

"साइज बरोबर आहे, काकू. तक्ता बघितलाय मी."

"मग ह्यात माया धरलीय का?"

मला माया एकच माहीत होती, आईची असते ती. इतकी वर्षं शिवणारी बाई कागदातल्या कपड्यालाही कुणी जीव लावलाय का असं काहीतरी विचारते आहे, असं मला वाटलं. छान वाटलं. मी मान डोलावली.

"छापलेलं हाय म्हणल्यावर बरोबरच असंल," असं म्हणून त्यांनी रेषेवरूनच कात्री चालवली.

ज्यांना शिवणातलं कळतं त्यांना इथेच कळलं असेल. शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात.

रविवारी दुपारी ड्रेस घालून बघितला. चेन मध्यावर अडकली.

"श्वास सोड."

"सोडलाय, काकू."

त्या थोडा वेळ चेन धरून उभ्या राहिल्या. मग खाली बसल्या. "माझाच हात चुकला. ब्लाउज कापून कापून हाताला वळणच तसलं पडलंय." आणि कपाळावर हात मारून घेतला. मी तो कागद उचलला. चौकटीतली ओळ आता सरळ दिसली. शिवणीसाठीचं जादा कापड या मापात धरलेलं नाही. मी ती दोनदा वाचली. मग कागदाची घडी घालून तो पाकिटात ठेवला आणि म्हणाले, "होतं असं कधीकधी."

नांदेडला जायला अजून पाच दिवस होते. काकूंनी कातरकामातून उरलेले तुकडे जोडून दोन्ही बाजूंना पट्ट्या लावल्या. ड्रेस अंगात गेला, पण पट्ट्या दिसत होत्या.

शुक्रवारी नांदेडला मॅडमने माझ्या बगलेखालून बोट फिरवलं. "ही पट्टी पॅटर्नमध्ये कुठे आहे?"

"न्हाई, मॅडम. कापताना हात चुकला."

"सूचना स्वतः वाचल्या होत्या ना?"

"हाव. स्वतःच."

मॅडमने कागद काढला आणि नेमकं त्या चौकटीवर बोट ठेवलं. "मग एवढं वाचून दाखवा."

काकू कागदाकडे बघत राहिल्या. मी तीन पावलांवर, त्यांनीच शिवलेल्या ड्रेसमध्ये उभी होते. ती ओळ मला पाठ होती. बोलले असते तर अट मोडल्याचं उघड झालं असतं, अशी समजूत मी पुढे करून घेतली. तेव्हा तर तेवढाही विचार मी केला नव्हता. मी जमिनीकडे बघत होते.

"ब्लाउज चांगले शिवत असाल तुम्ही," मॅडम म्हणाल्या. "तेच शिवा."

परतीच्या बसमध्ये काकूंनी ड्रेसची पिशवी पायाशी ठेवली. लातूर आल्यावर त्या म्हणाल्या, "उतरताना तेवढी पिशवी घ्या." घे नाही, घ्या. मला वाटलं चुकून आलं असेल. पण दुसऱ्या दिवशी गेले तर म्हणाल्या, "बसा ताई." महिनाभरात दिराने जीप बोलावली. मशीन वर बांधलं आणि त्या शिरूरला गेल्या.

मला वर्षभराने जायचं धाडस झालं. काकू ओसरीवर ताटलीत भात मऊ करत बसल्या होत्या. मशीन कोपऱ्यात होतं, त्यावर आबांच्या गोधड्यांची चवड. मला बघून त्यांनी चहा टाकला. मी घरून पाठ करून आलेलं बोलायला सुरुवात केली.

"काकू, तो कागद... त्या दिवशी मी..."

"ठाऊक हाय की. तुमचं तोंड बघितलं होतं मी, रविवारी कागद वाचताना."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी?" त्यांनी भाताची गुठळी बोटाने मोडली. "तसलं निळं कापड गंजगोलाईच्या बाजारात मिळत होतं, ताई. पाच दिवस हातात होते. कागदात काय लिवलंय ते मला कुठं वाचता येत होतं? तुम्ही रविवारी बोलला असता, तर दुसरा शिवला असता मी. आता बोलतील, मग बोलतील म्हणून गुरुवारपर्यंत वाट बघितली."

आतून आबांनी हाक मारली. काकू ताटली घेऊन उठल्या. मी ओसरीवर बसून राहिले. चहावर साय धरली. आतून त्यांचा आवाज येत होता, आबांना एकेक घास घ्यायला सांगणारा. मग तोही थांबला. त्या बाहेर आल्या नाहीत.